मधला खांब

मिनेसोटाच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. मी टेक्सासची. लग्न करून इथं आले त्याला वीस वर्षं झाली, तरी या गुळमुळीत हो-ला-होची मला अजून चीड येते.

त्या शनिवारी माझा नवरा रोल्फ गॅरेजात दोन जॅक घेऊन उभा होता. सासूबाई पडल्या तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत, वृद्धाश्रमात. नाताळाआधी त्यांना घरी आणायचंच, असं यानं मनाशी धरलेलं. खुर्ची चढेल अशी गाडीही घेऊन टाकली. पण तिचा रॅम्प उघडायला गॅरेजातला मधला लोखंडी खांब आड येई, आणि पुढच्या दाराला उंच पायऱ्या, म्हणजे घरात न्यायचं ते गॅरेजातूनच. मग काय, खांबच काढायचा!

त्या खांबावर तुळई, आणि तुळईवर आमच्या मुलीची, मारिटची खोली.

मदतीला शेजारचे ऑरिन आणि लायल आले होते. दोघांनी जन्मभर घरं बांधलेली.

"काढता येईल ना?" रोल्फनं विचारलं.

ऑरिननं टोपी मागं सारली. "हं... लोक काढतात."

"तसंही करता येतं म्हणा," लायल म्हणाला आणि कॉफी पिऊ लागला.

रोल्फनं जॅक तुळईखाली सरकवला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"अहो, मिठाची गुळणी धरलीय का दोघांनी? ऑरिन, खांब काढल्यावर तुमच्या नातीला वर झोपवाल?"

ऑरिन जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही."

"म्हणजे?" रोल्फ चिडला.

"म्हणजे वरचा सगळा भार यावरच आहे. काढायचा तर जाड लोखंडी तुळई हवी, तिच्या दोन्ही टोकांखाली नवे पाये हवेत. आधी इंजिनिअरला दाखव. आणि जमीन गोठून दगड झालीय. आता खणणं बर्फ गेल्यावर."

"मघाशी का नाही बोललास?"

"घर तुझं. आपण कसं बोलायचं?"

धन्य रे बाबांनो! रोल्फचा चेहरा मला बघवेना. त्यानं तिथंच आईला फोन लावला.

"आई, नाताळाला नाही गं जमत. खांब काढता येत नाही."

"खरंच नाही येत?"

"नाही."

"सुटले बाई!" सासूबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "बाळा, मला इथंच बरं वाटतं रे. पत्ते खेळायला तिघी आहेत. तुम्ही सगळे कामाला गेलात की मी खिडकीत एकटीच बसणार."

रोल्फ तिथंच खाली बसला. "मग आधी सांगायचंस ना, आई."

"तू विचारलंस कुठं? गाडीच घेऊन दाखवायला आलास."

रोल्फनं फोन तसाच कानाशी धरला होता. मग त्यानं विचारलं, "बरं, नाताळाला तुला काय हवंय, आई?"