केलरमधला दिवा

"पुस्तक मिटलं की लगेच प्रश्न विचारत जाऊ नकोस गं स्वरूपा. पोर पुस्तकालाच भ्यायला लागेल," सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या होत्या. मी "हो, आई" म्हटलं आणि फोन हृषिकेशकडे वळवला. साताऱ्यात बसून त्यांना काय कळणार? इथे जर्मनीत, बायर्न राज्यात, चौथीच्या गुणांवर मुलांची पुढची शाळा ठरते. आमच्या ईप्सिताचं गणित चांगलं होतं, जर्मन काठावर. गिमनाझियम, म्हणजे पुढे विद्यापीठात नेणारी शाळा, हुकली तर, या विचाराने माझी झोप उडाली होती.

शाळेचा नियम असा, की वाचून झालेल्या पुस्तकावरचे प्रश्न कॉम्प्युटरवर सोडवायचे आणि पॉइंट मिळवायचे. ते चुकू नयेत म्हणून आधी मी माझे प्रश्न विचारायचे. कोण आलं, कुठे गेलं, का रडलं. पॉइंट वाढत गेले. पूर्वी ही मुलगी दात घासतानाही वाचायची. आता 'वाच' म्हटलं की विचारायची, किती पानं?

गुरुवारी दुपारी माझी ऑनलाइन मीटिंग संपली. तिच्या खोलीत डोकावले, तर टेबलावर पुस्तक पालथं आणि खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवशी वाचनाची परीक्षा. हाका मारल्या. बाथरूम, बाल्कनी, कुठेच नाही. खाली रस्त्यावर गाड्यांची वर्दळ. मग दिसलं, बाहेरचे बूट जागेवर होते, घरातल्या सपाता नव्हत्या. आणि खुंटीवर केलरची, तळघराची, किल्ली नव्हती.

मी तशीच अनवाणी जिना उतरले. खाली तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाची लाकडी फळ्यांची एकेक कोठडी आहे. तिथला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझतो. मी पोचले तेव्हा काळोख होता. हाक मारणार, इतक्यात बटण वाजलं आणि उजेड पडला.

फळ्यांच्या फटीतून ती दिसली. भारतात जातानाच्या मोठ्या बॅगेवर मांडी घालून, मांडीवर तिचं बालवाडीतलं फाटकं मराठी चित्रांचं पुस्तक. खुदकन हसली. ते हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

माझा पाय शेजाऱ्यांच्या सायकलला लागला. तिने पुस्तक झटकन पाठीमागे लपवलं.

"मी वाचत नव्हते, आई. इश श्व्योर."

शपथ घेत होती. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

"मग काय करत होतीस?"

ती हळूच म्हणाली, "हे पॉइंटांत मोजायचं नाही ना? बिट्टं, प्लीज."

मला तिच्या हसण्याचं कारण हवं होतं. कुठल्या पानावर हसलीस, हा प्रश्न ओठांवर आला होता. तेवढ्यात दिवा विझला. अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता.

"विचारणार आहेस?" ती म्हणाली.

मी चाचपडत बटण दाबलं आणि काही न बोलता वर आले. हृषिकेश ऑफिसमधून आला होता. उद्या परीक्षा आणि पोरगी केलरमध्ये एकटी काय करतेय, असं त्याने दोनदा विचारलं. मी त्याला खाली जाऊ दिलं नाही. दार उघडं ठेवून जिन्यात बसले. खालून अधूनमधून बटणाचा आवाज येत होता. तो यायला जरा उशीर झाला की माझा जीव वरखाली व्हायचा.

तुमच्या घरात कुणी पुस्तक उघडून फार शांत बसलं असेल, तर उठा आणि एकदा बघून या. पान उलटतंय ना, एवढंच बघा. काही विचारू नका.