सेनापतीचा पश्चात्ताप

चाहत्यांनी आवडत्या मालिकेतील पात्रे होऊन ऑनलाइन लिहून झुंजायच्या स्पर्धेची ती अंतिम फेरी होती. चषक कृष्णातचा की आदितीचा, हे परीक्षक त्रिशलाच्या गुणांवर ठरणार होते.

कृष्णातच्या क्रूर सेनापतीने जिंकत आणलेल्या लढाईत तलवार खाली ठेवून शत्रूची क्षमा मागितली, तेव्हा कळंब्याच्या घरात ते वाचताना त्रिशलाचे डोळे भरून आले. पात्राच्या वाढीचे पन्नासपैकी पन्नास तिने लिहिले. पण जीव थाऱ्यावर येईना. तिने कृष्णातला फोन लावला.

“पश्चात्ताप खराच होता का रे?”

“कशाचा पश्चात्ताप, ताई! डावपेचाला वीस आन् वाढीला पन्नास गुण, तुम्हीच ठरवलंय की!”

तिने पन्नास खोडले, येरझारा घातल्या. रडू मात्र खरेच आले होते. शेवटी तिने पुन्हा पन्नास लिहिले, आणि चिडून डावपेचाचेही वीस देऊन टाकले.