हातातून हातात

विलास पागनीसच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. उज्जैनला देवास गेटजवळच्या रेल्वे प्रशिक्षण वर्गात तो सर्वांआधी यायचा आणि नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. सवय एकच वाईट. पॉइंट्समनचं, म्हणजे रुळांचे सांधे बदलायचं काम शिकणारा माणिक गोळा घेऊन आला, की विलास मान वर न करता म्हणायचा, "ठेव टेबलावर."

गोळा म्हणजे मुठीएवढा, लोखंडी, मार्गाचं नाव कोरलेला. त्या मार्गाचा गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर एकेरी लाइनवर गाडी नेत नाही. देणाऱ्याने नाव मोठ्याने वाचून गोळा हातात द्यायचा, घेणाऱ्याने नाव पुन्हा वाचायचं, असा नियम. पण माणिकच्या हातून घ्यायचा म्हणजे त्याची बोटं लागणार! म्हणून गोळा टेबलावर, आणि नाव वाचणं राहूनच जायचं. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा होऊन वर्ष उलटलं होतं. आठ दिवसांत मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश येणार म्हणून कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने रंगत होत्या. वाचकहो, पाट्या रंगवणं फार सोपं असतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. पास झाला तर विलासला लगेच नेमणूक मिळणार होती. वडील वारल्यापासून घराची सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

परीक्षेच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला. भरदुपारी आत अंधार, आणि लांब फळीवर मांडलेल्या छोट्या रुळांवर लाल-हिरवे दिवे. मधल्या स्टेशनाच्या टेबलापाशी विलास बसला. पलीकडच्या बोरपूर स्टेशनाची खुर्ची रिकामीच होती. गाड्या शिक्षक तात्या स्वतः सोडत होते.

अलीकडच्या आंबापूरहून पत्र्याचं इंजिन आलं. माणिकने त्याचा गोळा आणला.

"ठेव."

माणिकने ठेवला आणि नेहमीप्रमाणे दाराशी जाऊन उभा राहिला. विलासने रुमालाने गोळा उचलला. पुढे बोरपूरला जायचा गोळा हाच, असं तो धरून चालला आणि त्यावर कोरलेलं 'आंबापूर' न वाचताच त्याने तो इंजिनाला अडकवून खटका ओढला. इंजिन निघालं. समोरून बोरपूरची गाडी आधीच सुटलेली होती!

तेवढ्यात टेबलावरची बोरपूरची घंटी वाजली. पाच ठोके. मग जराशी थांबली. मग सहावा.

सहा ठोके म्हणजे धोका! विलासने खटका मागे खेचला. तात्यांनी समोरची गाडी रोखली, आणि दोन्ही इंजिनं वीतभर अंतरावर थांबली.

"घंटी कोणी दिली?" त्याने घाबरून विचारलं.

तात्या बोरपूरच्या टेबलापाशी गेले. खुर्ची रिकामी. घंटीची तार त्यांनी सकाळीच दुरुस्तीसाठी काढलेली, ती तशीच लोंबत होती. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"विष्णू," ते पुटपुटले. "माझा पॉइंट्समन होता. पाचव्या ठोक्यानंतर त्याचा हात अडायचा, बोट तुटलेलं होतं ना. मीपण त्याला 'ठेव'च म्हणायचो. एक दिवस असाच बिना वाचता गोळा दिला मी. गलती त्याच्या लक्षात आली. त्याने घंटी बडवली, मग लाल झंडी घेऊन पटरीवर पळाला. गाडी थांबली रे... पण त्याच्या अंगावरून गेल्यावर."

माणिकने बोरपूरच्या इंजिनावरचा गोळा काढून मुठीत धरला. विलासला दरदरून घाम फुटला. आज इंजिनं पत्र्याची होती. उद्या डब्यांत माणसं असतील! माझ्या सोवळ्यापायी किती जणांचा जीव घेणार होतो मी?

त्याने रुमाल फेकून दिला आणि उठून हात पुढे केला. "माणिक, बोरपूरचा गोळा माझ्या हातात दे."

माणिक जागचा हलला नाही. "देतो ना साहेब. पण मला पण 'द्या' म्हणा."

विलासने मान खाली घातली. "चुकलो. द्या, माणिकराव."

"बोरपूर!" माणिकने वाचलं.

"बोरपूर!" म्हणत विलासने गोळा घेतला. माणिकच्या मुठीत राहून लोखंड कोमट झालं होतं.

तात्यांनी तरीही कागदावर 'नापास' लिहिलं. म्हणजे आणखी सहा महिने! घरी आईला काय सांगायचं, या विचाराने विलासच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने हुज्जत घातली नाही.

"खरं तेच सांग आईला," तात्या म्हणाले. "मला नापास करायला कोणी नव्हतं, म्हणून एक माणूस गेला."

बंधुभगिनींनो, शिवाशिव पाळणाऱ्याला वाटतं, आपण फक्त एका माणसाला दूर ठेवतो. पण त्या माणसाजवळची सावध करणारी हाकही आपण दूर ठेवतो, आणि ती वेळेवर ऐकू आली नाही तर गाडीतले सगळेच मरतात.