गोल घुमटातली कुजबुज

विजापूरला मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मुरुमचा बिरदेव बायकोला आणि दोन्ही मुलींना घेऊन गेला होता. परतायच्या दिवशी सकाळी धाकट्या अक्षदानं गोल घुमट बघायचा हट्ट धरला. शाळांच्या सहली यायच्या आत गेलं तरच तिथं भिंतीतून बोललेलं ऐकू येतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

बायको सिताबाई गुडघ्यांमुळं खालीच थांबली. बाकीची तिघं कोपऱ्यातल्या मिनाराचा अरुंद जिना चढून गेली. बिरदेवचा जन्म मेंढरांमागं माळ तुडवण्यात गेलेला, पण या पायऱ्यांनी त्याला घाम फोडला. घुमटाच्या आतल्या गोल सज्जात पोचल्यावर त्यानं एकदा खाली डोकावून पाहिलं आणि मागं सरून भिंतीला डोकं टेकून बसला.

अक्षदा सज्जाच्या पार पलीकडं गेली, थोरली अलीकडंच, बापापासून लांब, भिंतीशी उभी राहिली. बहिणींनी आधी एकमेकींची नावं घेतली, हसल्या. बिरदेव डोळे मिटून दम खात होता. मग थोरल्या ज्ञानेश्वरीचा आवाज त्याच्या कानाशी बसून बोलावं तसा आला.

"अक्षे, मला त्या नळदुर्गच्या पोराशी लगीन न्हाय करायचं. दवाखान्यातलं काम सोडावं लागंल म्हणला. आप्पांला कसं सांगू?"

बिरदेवनं डोळे उघडले. ज्ञानेश्वरी उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. सोयरीक बिरदेवच्या रामलिंगमामांनी जुळवली होती आणि पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची ठरलं होतं. पोरगी गप्प आहे म्हणजे तिला पसंत आहे, असंच त्यानं धरलं होतं. तिला विचारल्याचं त्याला काही आठवेना.

तिघंही खाली आली. बागेत झाडाखाली सिताबाईनं लग्नघरून बांधून आणलेल्या पोळ्या काढल्या. पहिला घास हातात धरूनच त्यानं विचारलं, "ज्ञाने, काम सोड म्हणला व्हय त्यो?"

ज्ञानेश्वरीनं बहिणीकडं पाहिलं. अक्षदानं नाही म्हणून मान हलवली.

"तिनं न्हाय सांगितलं. म्याबी भिंतीला टेकूनच बसलो हुतो."

मग ज्ञानेश्वरीनं सगळं सांगितलं. पोराचा फोन आला होता. बायकोनं रात्रपाळी केलेली आमच्यात चालत नाही, असं तो म्हणाला होता. सिताबाई घाबरली. शब्द दिलाय, भावकीत काय तोंड दाखवायचं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. बिरदेवनं तिला बोलू दिलं. तिचं झाल्यावर त्यानं मामांना फोन लावला आणि पोराकडच्यांना स्पष्ट विचारून घ्या, पोरगी काम सोडणार न्हाय, म्हणून सांगितलं.

गाडी अक्कलकोटच्या पुढं आली तेव्हा मामांचा फोन आला. पोराकडचे ऐकत नव्हते. मामा बराच वेळ रागानं बोलले.

"तुमचं खरं हाय, मामा," बिरदेव म्हणाला. "पर आता ही सोयरीक राहू द्या."

मामा त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेला आले नाहीत. सिताबाईनं त्यांच्याकडं नैवेद्य पाठवला, तो मात्र त्यांनी घेतला. ज्ञानेश्वरीसाठी नंतर दोन स्थळं आली. दोन्ही वेळा पाहुण्यांच्या हातात चहा द्यायच्या आधी बिरदेवनं तिच्या रात्रपाळीचं सांगून टाकलं. पहिले पाहुणे चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत. दुसऱ्यांनी पुढच्या बैठकीसाठी तिच्या सुट्टीचा वार विचारला.