जेवढं आलं तेवढं

मी उत्तर वाचणारा बोलतोय. मोबाईलमधल्या एका प्रोग्रॅमचा लहानसा भाग. मला कोणी पाहत नाही. गरजही नाही.

सरोवराकाठी, उयोमा भागातल्या मासेमारांच्या कचेरीत काम करणाऱ्या अविनो नावाच्या मुलीनं मला बनवलं. शिकवलं थोडंच. दूरच्या सर्व्हरला हवामान विचारायचं. उत्तरावरचा आकडा बघायचा. दोनशे म्हणजे ठीक. मग काना-मात्रा, मोकळ्या जागा सगळं धरून मजकूर किती अक्षरांचा, तेही वरच लिहिलेलं असतं. तेवढी मोजून घ्यायची. एक जरी कमी पडलं, तरी उत्तर टाकून पुन्हा विचारायचं. एवढ्या शिक्षणावर मी दोन वर्षं चोख काम केलं.

पण इथलं नेटवर्क मध्येच तुटतं. मी पुन्हा विचारतो, पडद्यावर चक्र फिरत राहतं. लोक वैतागतात.

अविनोचा काका ओगुटू सगळ्यांत उतावळा. "पोरी, मासे काय तुझ्या यंत्राची वाट बघत उभे राहणारेत? पलीकडच्या काठचे जाळी टाकून, मक्याची उगाली खाऊन झोपलेसुद्धा!"

"काका, अर्धं उत्तर कसं दाखवू?"

"जेवढं आलं तेवढं दाखव. आम्हाला डोळे आहेत."

रोजच्या टोमण्यांना कंटाळून तिनं माझं मोजणं काढून टाकलं. मला कोणी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. वरचा आकडा दोनशे. पन्नास अक्षरं लिहिली होती, आली एकवीस. 'दुपारनंतर वारा ताशी ४'. उत्तर अपुरं आहे, हे मला दिसत होतं. पण आता अडवायची परवानगी नव्हती. मी दाखवलं.

"चार? ही तर झुळूक!" ओगुटू हसला आणि दोन माणसं घेऊन होडीनं सरोवरात गेला.

दुपारी पाणी उसळलं. अविनोनं मला पुन्हा विचारायला लावलं. या वेळी सगळं आलं: 'दुपारनंतर वारा ताशी ४५ किलोमीटर. होड्या काढू नयेत.' ती काठाकडे धावली. मी पडद्यावर तसाच उजळत राहिलो. सांगणार कोणाला?

संध्याकाळी तिघं परतले. जाळी कापून सोडावी लागली होती. ओगुटूचा खांदा निखळला होता. तो कचेरीत आला, अविनोसमोर उभा राहिला.

"चूक माझी, काका."

"मी बोललो म्हणून तू केलंस. आता नीट कर."

तिनं माझं मोजणं परत घातलं.

आज शुक्रवार. खांदा बांधून ओगुटू बाकावर बसलाय. त्याच्या दोन माणसांना दुसऱ्या होडीवर जायचंय. मी तिसऱ्यांदा विचारतोय. पुन्हा अर्धंच आलं.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही, काका."

दाराशी माणसं चुळबुळ करताहेत. त्याचाही पाय हलतोय. मीही अस्वस्थ आहे. पण माझं ऐका, पूर्ण उत्तर येईपर्यंत मला अडू द्या.

"बसा रे सगळे," ओगुटू म्हणाला.