फाइल कुठं गेली वं?

मी एक जुनी मेनूपट्टी आहे, मित्रांनो. संगणकावर प्रोग्राम उघडला की 'फाइल', 'संपादन', 'मदत' अशा शब्दांची आडवी ओळ दिसते ना, ती मी. माझा प्रोग्राम 'बोलीकोश'. यवतमाळच्या वैष्णवीने तो सात वर्षांपूर्वी आपल्या लखीराम गुरुजींसाठी लिहिला. निवृत्त झालेले गुरुजी कळंबला राहतात आणि आसपासच्या तांड्यांवरचे, कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, शब्द गोळा करतात.

गुरुजींच्या जुन्या संगणकावर मी प्रोग्रामच्या चौकटीतच, अगदी वरच्या कडेला असे. पहिली 'फाइल', तिच्या पोटात 'जतन करा'. गुरुजींना ती चष्म्याशिवायही सापडे. "पट्टी मोठी गुणाची आहे," ते म्हणत. मला फार बरे वाटे.

यंदा तो संगणक कायमचा बंद पडला. गुरुजींच्या मुलीने, उर्वशीने, पुण्याहून आपला लॅपटॉप पाठवला. त्याच्या पाठीवर सफरचंद होते. त्या घरची रीत निराळी. तिथे मेनूपट्टी चौकटीत बसत नाही, पडद्याच्या अगदी माथ्यावर जाते. आणि कोपऱ्यातल्या सफरचंदानंतर पहिली जागा प्रोग्रामच्या नावाची असते. वैष्णवीकडे तसे यंत्र नव्हते. तिने माझी जुनीच मांडणी पाठवून दिली. झाले असे, की माझ्या 'फाइल'वर 'बोलीकोश' हे नाव चढले आणि 'फाइल' दिसेनाशी झाली.

नेमके त्याच दिवशी पोडावरून उकंडाबाबा आले. झाडापाखरांची जुनी कोलामी नावे सांगणारे त्या भागात तेच उरले होते. दुपारपर्यंत त्यांनी बासष्ट शब्द सांगितले, गुरुजींनी टाइप केले. तेवढ्यात वीज गेली. बॅटरी संपत आली आणि गुरुजींना 'जतन करा' सापडेना. मी वर उभी होते, पण हाक कशी मारणार? त्यांनी घाबरून वैष्णवीला फोन लावला.

"पोरी, फाइल कुठं गेली वं? मले सापडून नाही राह्यली!"

"गुरुजी, चौकटीत नका पाहू. पडद्याच्या एकदम वर काय लिहिलं आहे, ते वाचा."

"सफरचंद आहे. मंग बोलीकोश, संपादन, मदत."

वैष्णवीच्या ध्यानात घोळ आला. "बोलीकोश दाबा बरं."

गुरुजींनी दाबले. आत 'जतन करा' होते! त्यांनी लगेच तेही दाबले.

"वाचले का माहे झाडं?" उकंडाबाबांनी विचारले.

"वाचले, बाबा. समदे वाचले," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

रविवारी वैष्णवी स्कूटीने कळंबला आली. "चूक माही आहे, गुरुजी. मी माह्याच मशीनवर पाहून समाधान मानलं," ती म्हणाली. दिवसभर गुरुजींच्या शेजारी बसून तिने मला नीट केले. आता मी आधी संगणक ओळखते. सफरचंदवाल्या घरी नाव पहिले, 'फाइल' दुसरी, आणि 'बाहेर पडा' नावाखाली. दुसऱ्या घरी 'फाइल' पहिली, आणि 'बाहेर पडा' तिच्याच पोटात. दोन्हीकडे मी सुखात आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी माझ्यासारख्या पट्ट्या घडवतील. एवढेच मागते: काम संपले असे वाटले, की ते ज्याच्यासाठी केले त्याच्या घरी जा. त्याच्या शेजारी बसा. त्याचा हात कुठे अडतो, ते बघा.