रविवारचं पाणी

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यात अंजलीच्या वडिलांची, नानांची, छत्री उडाली. १९९७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतला तो शेवटचा रविवार होता. छत्री होडीपासून जरा लांब उलटी तरंगत राहिली. त्याच क्षणी, अंजली दोरीने पाण्यात सोडून बघत होती ती पांढरी थाळी तिला दिसेनाशी झाली.

दोरी होती तेवढीच खोल होती.

"आदी छत्री धरू का थाळी?" होडीवाल्या तात्याबांनी विचारलं.

"छत्री!" नाना म्हणाले. "थाळी काय, मेव्हणीची हाय."

थाळी खरंच अंजलीच्या कुशामावशीची. आईच्या लग्नात आहेर आलेली, काठावर नाव कोरलेली. अंजलीने तिला पांढरा रंग दिला होता, खाली लोखंडी वजन बांधलं होतं आणि दोरीवर मापाच्या खुणा केल्या होत्या. थाळी दिसेनाशी होते तिथे खूण बघायची. जेवढी खोल, तेवढं पाणी नितळ. समुद्रावरचे लोक शंभर वर्षांहून जास्त काळ हेच करत आले आहेत. गोव्याच्या एका संशोधन संस्थेच्या जहाजावर गढूळपणा दिव्याच्या झोताने मोजणारं यंत्र होतं, पाण्याच्या पोटातली खळबळ टिपणारंही होतं. तरी त्यांनी थाळी ठेवली होती, आणि थाळीला माणसाचा डोळा लागतो.

डिसेंबरात ते जहाज अरबी समुद्रात जाणार होतं. एक जागा बाहेरच्या माणसासाठी होती. बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या अंजलीने अर्ज केला होता. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला दादरला, तोही लोकांच्या खांद्यांवरून.

संस्थेने जवळच्या कुठल्याही पाण्याची मापं मागवली. अंजलीने सुट्टीभर रोज दुपारी मापं घेतली आणि पहिल्या दोन आठवड्यांची पाठवली. रविवारी पाणी हातभर जास्त नितळ निघत होतं. कारणही तिने लिहिलं होतं : रविवारी वाळू उपसणाऱ्या होड्या बंद, म्हणून गाळ खाली बसतो. गोव्याहून पत्र आलं, निरीक्षण लक्षवेधी आहे, निवडीच्या वेळी विचार करू. नाना बारामतीच्या एसटी डेपोत कामाला होते, तिथे त्यांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं.

तात्याबांनी छत्री काढून दिली. नानांनी ती झटकली, उघडली आणि सवयीने स्वतःच्या आणि लेकीच्या डोक्यावर धरली. मोतीबिंदू काढल्यापासून उन्हात ते छत्रीशिवाय नसत. डेपोतून सुट्टी रविवारची, म्हणून होडीत यायचे तेही रविवारीच.

थाळी परत दिसू लागली.

"नाना, मिटा."

"आगं, डोळ्याला ऊन—"

"मिटा म्हणते ना!"

छत्री मिटली, थाळी गेली. उघडली, आली. पाण्यावर पडलेलं आभाळ छत्री झाकत होती. चकाकी गेली की नजर खोल जात होती. वारा, ढग, ऊन सगळं अंजलीने लिहिलं होतं. छत्री लिहायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तात्याबा गालात हसले. "नानाराव, म्हंजे गाळ तुमीच खाली बसवत व्हता म्हना की!"

"मग सरकारनं मला पगार द्यायला पायजे," नाना म्हणाले. अंजलीचं तोंड बघून ते थांबले. "हे कळवलं तर जागा जाईल व्हय गं?"

"जाईल कदाचित."

"न कळवलं तर?"

"जहाजावर कुणी छत्री धरणार नाही, नाना."

नानांनी छत्री मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "खरं हाय. लिव्ह."

सोमवारी ती छत्री घेऊन एकटीच तात्याबांच्या होडीत बसली. वाळूच्या होड्या जोरात चालू होत्या. छत्रीखाली पाणी रविवारइतकंच नितळ निघालं, छत्री मिटल्यावर रोजच्याइतकंच. तिला हसू आलं, तात्याबांनाही. इतकं साधं, इतकं चोख माप तिने सुट्टीभरात घेतलं नव्हतं.

मंगळवारी तिने पत्र टाकलं : रविवारचं पाणी वेगळं नाही, फरक छत्रीचा. सोबत दोन्ही मापं जोडली. पाकिटावर तिकिटं नानांनी चिकटवली, सरळ रेषेत.

जहाज डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुटणार आहे. नोव्हेंबर संपला तरी गोव्याहून उत्तर आलेलं नाही. थाळीला अंजलीने नवा रंग दिला आहे. तो वाळला आहे.